उजव्या बाजूचा पीळ

शर्टांना काजं करायचं काम तिचं, म्हणून कारखान्यात सगळे तिला काजवाली म्हणत. अडीच वर्षांत एकही खाडा नाही. सुपरवायझर तिचं फार कौतुक करायचा. म्हणजे जादा काम द्यायचा.

एका सकाळी उजव्या ओटीपोटात अशी कळ आली की ती मशीनवरच दुमडली. उलटी झाली. सुपरवायझरने आधी शर्टांचा गठ्ठा बाजूला घेतला, मग विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" नवऱ्याने फोनवरच निदान केलं: गॅस. घरी आली तर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय पोटं माहेरी ठेवून आलो होतो? कधी बाऊ केला नाही." गल्लीतल्या डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता गोळी दिली.

तासाभराने कळ थांबली. झालं! सगळ्यांचं निदान बरोबर ठरलं. दुपारी कळ दुपटीने परतली, तेव्हा काजवालीने कुणालाच विचारलं नाही. शेजारणीचा हात धरून थेट इस्पितळ गाठलं.

सर्जनबाईंनी पोट तपासलं, सोनोग्राफी केली. "अंडाशयावर मोसंब्याएवढी गाठ आहे. तिच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडलाय, रक्त पोचत नाहीये. आत्ताच ऑपरेशन."

तोवर घरचे धडकले. नवरा म्हणाला, "दोन दिवस वाट पाहिली तर?"

"तुम्ही पाहाल हो. अंडाशय पाहणार नाही."

सासूबाईंना वेगळाच घोर. "पण नातवंडाचं काय?"

"आधी माझं बघा!" काजवाली खाटेवरून कळवळत ओरडली. "कागद इकडे द्या, सही मी करते."

पोटाला तीन बारीक छेद देऊन दुर्बीण आत गेली. अंडाशयाला अडीच वेढे, रंग काळाजांभळा. सहायक डॉक्टर म्हणाला, "मेलंय मॅडम, काढून टाकू."

"नुसत्या रंगावरून मयत लिहू नकोस." बाईंनी पीळ उलगडला, गाठ तेवढी सोडवून काढली आणि अंडाशय जागेवर ठेवलं. काळेपणा जेमतेम उतरला होता, तरी त्या ठाम राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नवरा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "मला पहिल्या मिनिटालाच शंका आली होती." हसलं की टाके दुखत, म्हणून तिने त्याला बाहेर व्हरांड्यात जाऊन सांगायला लावलं.

"पोटदुखीला पंधरा दिवस रजा?" सुपरवायझरने अर्ज परत पाठवला. तिने त्याच अर्जाच्या पाठीवर राजीनामा लिहिला.

तीन महिन्यांनी सोनोग्राफीत रक्तपुरवठा व्यवस्थित दिसला, अंडाशय कामाला लागलं होतं. तोवर ती दुसरीकडे शाळेचे गणवेश शिवत होती. तपासणीसाठी तिने अर्धा दिवस मागितला होता. तिथल्या मालकीणबाईंनी अख्खा दिला.