सानियाचं अकोल्याचं तिकीट

अमरावतीहून दुपारची अकोला एसटी सुटता सुटता सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी खिडकीशी येऊन बसली. दप्तर फुगलेलं, बरोबर कोणी नाही. कंडक्टरला तिने आधी बडनेरा सांगितलं, मग घाईघाईने अकोला. माझा संशय तिथेच जागा झाला. मी पुण्याहून वऱ्हाडात आले होते तेच मुळी एका कादंबरीसाठी. तिची नायिकाही याच वयाची, घरातून पळालेली.

"कुठे निघालीस?"

"खालाकडे (मावशीकडे)."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "घरी."

बडनेरा मागे पडलं. दोन्हीकडे काळी जमीन, फुटलेला कापूस, मध्येच पिवळ्या फुलांच्या तुरी. माझं लक्ष मात्र तिच्या दप्तरावर.

मूर्तिजापूरला मी आलुबोंडे (आपले बटाटेवडे) घेतले. सोबतच्या मिरचीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला पहिल्यांदा हसू फुटलं. नाव सानिया. अमरावतीला होस्टेलमध्ये राहून बारावी करत होती.

"रूममेटचा मोबाईल गेला. सगळे म्हणतात, मीच घेतला. मी कोणाले न सांगता निघाली."

नकळत मी माझी पर्स दुसऱ्या बाजूला सरकवली.

"पाहा, तुमी बी!" ती म्हणाली. "आता अब्बू बी असंच करतीन."

मी माफी मागितली.

अकोला आलं, तरी ती जागची हलेना. "मले घरी जायाची हिंमतच होऊन नाही राहिली." मग मी माझा फोन पुढे केला. तिने घरी फोन लावला.

जठारपेठेतल्या दुकानातून तिचे वडील स्कूटरवर स्टँडवर आले. शिंपी असावेत, मापाची टेप गळ्यातच होती. त्यांनी आधी मलाच न्याहाळलं. "तुमी कोण?"

"गाडीत भेट झाली." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग ते लेकीकडे वळले.

"होस्टेलवाल्यांचा फोन आला होता. तू घेतला का?"

"नाही, अब्बू."

"मंग पळाली काहून? चाल, जेवून घे. उद्या आपण दोघं जाऊ तिथं."

इतका वेळ कोरडी राहिलेली ती पोर तेव्हा हुंदके देऊन रडली.

मोबाईल कोणी घेतला, ते मला अजून माहीत नाही. तेव्हा त्या बापालाही माहीत नव्हतं. त्याने एकदाच विचारलं.

पुण्याला परतले त्या संध्याकाळी माझी मुलगी क्लासहून उशिरा आली. म्हणाली, "ट्रॅफिक होतं." 'खरंच?' अगदी ओठांवर आलं होतं. मी गप्प राहिले. ते मला किती जड गेलं, तिला कळलं नसेल.