तुळशीखालची नळी

चामराजपेटेतल्या कृष्णाजींचा जीव कधी थाऱ्यावर नसायचा. कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले, पण खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. कुणाकडे चहाला गेले तरी आधी फ्रिजला टेस्टर लावायचे, मग कप उचलायचे. लोक हसत. हसोत बापडे, त्यांनी कारखान्यातल्या कल्लाप्पाला पाहिलं नव्हतं. अर्थिंगची तार तुटलेलं ड्रिल हातात धरून तो कृष्णाजींच्या डोळ्यांदेखत शॉक लागून गेला. ती तुटकी तार सकाळीच कृष्णाजींच्या नजरेस पडली होती. जेवण झाल्यावर जोडू, असं ते मनात म्हणाले होते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरात त्यांची थोरली विधवा बहीण कस्तुराबाई. सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं, अनवाणी, ती ग्राइंडरवर नैवेद्याचं वाटण करायची. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात ती सहज म्हणाली, "हा ग्राइंडर हल्ली हाताला झिणझिण्या आणतो रे."

कृष्णाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. "अक्का, आधी तो बंद. आणि पुढे वाटताना जरा रबरी चप्पल तरी घालत जा."

"सोवळ्यात चप्पल? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यांनी मोटर दुरुस्त करून आणली, तीन पिनांचा प्लग बसवला. पण जुन्या घराला अर्थिंगच नव्हतं. अक्का आनेकलला भाचीकडे गेल्याची संधी साधून त्यांनी परसात खोल खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून लोखंडी नळी पुरली आणि तिथून तार ग्राइंडरच्या प्लगपर्यंत आणली. आता गळकी वीज जमिनीत उतरायला ती माती कायम ओली राहायला हवी होती. अक्का तापानं फणफणली तरी तुळशीला रोज दोन तांबे पाणी घालायची. म्हणून खड्डा वृंदावनाच्या पायाशी, मीठ रोपाला लागणार नाही पण पाणी वाहून येईल अशा बेतानं घेतला होता. अक्काला पत्ता लागू दिला नाही.

तीन वर्षांनी अक्काचे गुडघे धरले आणि तुळस कृष्णाजींच्या सुनेकडे, अश्लेषाकडे आली. ती पळीभर पाणी घालून ऑफिसला पळायची. एका सकाळी कृष्णाजींनी पाहिलं तर नळीभोवतीची माती भेगाळलेली, आणि आत ग्राइंडर घरघरत होता. सोवळ्याची पर्वा न करता ते स्वयंपाकघरात धावले आणि बटण बंद करून त्यांनी प्लग उपटला.

"सोवळं मोडलंस माझं," अक्का कडाडली. "काय झालं काय?"

मग कृष्णाजींनी सगळंच सांगितलं. नळीचं सांगितलं आणि कल्लाप्पाच्या तारेचंही. बोलताना त्यांना रडू आवरेना.

"म्हणजे तीन वर्षं मी तुझ्या नळीला पाणी घालत होते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून, एकेक पायरी उतरत परसात आली. दोन तांबे तुळशीला घातले. मग तिसरा भरून घेतला आणि वाकून नळीवर सावकाश ओतला.

"हा तुझ्या कल्लाप्पाचा," ती म्हणाली, आणि वाटायला आत गेली.