मुडदेमामांचा दुपारचा खेळ

भुताचा पिक्चर भर दुपारी दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांना सगळे मुडदेमामा म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. त्यांचा तंबूतला सिनेमा बंद पडल्यावर त्यांनी प्रोजेक्टरचं मशीन तळेगाव ढमढेऱ्याला घरी आणून ठेवलं आणि पिक्चर एकच राखला. जुना, काळापांढरा, इंग्रजी. मुडदे उठून चालायला लागतात तो. "अंधारात कुनीबी भितंय," मामा म्हणायचे. "दुपारी जेवून आलेला मानूस भ्याला, तर पिच्चर खरा." दुपारचा खेळ होता म्हणूनच आम्हा पोरींना तो बघायला मिळाला. रात्री कोण सोडणार?

इंग्रजी कुणाला कळत होतं! मामा माईक घेऊन मराठीत सांगायचे. गोदामात कोंडून घेतलेल्या दोघा गोऱ्यांना त्यांनी परस्पर भाऊ करून टाकलं होतं. बाहेर मुडदे, आणि आत किल्ली कुणाकडे यावरून दोघांची जुंपलेली. "थोरला म्हंतोय, किल्ली माझ्याकडंच ऱ्हानार." आमच्याकडच्या भाऊबंदांना यापुढचं सांगायची गरजच पडायची नाही.

वरवंडला आमचं मंगल कार्यालय आहे. मोठी झाल्यावर, लग्नसराई संपली की मी मामांना तिथला हॉल द्यायचे. एका वर्षी खेळ संपल्यावर माझा भाचा सागर पुढे आला. हा कंपनीत नोकरीला, आणि मोबाईलवर सुसाट पळणारे, भिंती चढणारे मुडदे बघून तयार झालेला.

"मामा, तुमचे मुडदे लय स्लो हायेत. आन् ती दोघं भाऊ न्हाईतच. इंग्लिशमधी एकमेकांना वळखतबी न्हाईत."

मला वाटलं, मामा ओशाळतील. कसले ओशाळतात! "एका दारामागं कोंडल्यावर भाऊच की. आन् पळनारा दमतो रं. चालत येनारा येतोच."

"पिच्चरमधी दम न्हाई, मामा. दम तुमच्या तोंडात हाय."

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मामांचा चेहरा उतरला. जन्मभर सांभाळलेला पिक्चर आपल्या बडबडीवर तगला, हे त्यांना सोसवेना. "रविवारी दुपारी समद्यांना घिऊन ये," ते म्हणाले. "मी एक शब्द बोलनार न्हाई. शेवटाला पोरं हसली, तर मशीन भंगारात."

रविवारी हॉल भरला. पहिला मुडदा लंगडत आला आणि पोरं खदाखदा हसली. मामा मशीनशेजारी तोंड मिटून बसलेले. शेजारच्या जनाआक्कांना मामांचं सगळं बोलणं पाठ. त्यांना राहवेना. "आता थोरला किल्ली लपिवतोय बघा," त्या बोलून गेल्या, तर मामांनी ओठांवर बोट ठेवून त्यांनाही गप्प केलं.

मग गोदामातलं भांडण पेटलं. धाकटा पाणी आणायला बाहेर गेला, मुडदे सावकाश त्याच्याकडे निघाले. तो दार बडवत राहिला, आणि आतला किल्ली मुठीत धरून नुसता उभा. हसणारी पोरं खुर्च्यांच्या कडेला सरकून बघत होती.

पिक्चर संपला तरी कुणी उठेना. सागर मागे वळला. "मामा, त्यानं दार का उघडलं न्हाई?"

उत्तर मागून दुसऱ्याने दिलं, ते तिसऱ्याला पटलं नाही, आणि बघता बघता अख्खा हॉल भांडायला लागला. मामा रीळ उलटं गुंडाळत होते. डोळे भरले होते आणि मिशीत हसू मावत नव्हतं.

पुढे मामांचं दुखणं लांबलं. दौंडच्या दवाखान्यात मला रडू फुटलं, तर माझ्यावरच खेकसले, "चालत येतंय, येऊ दे. दार मी उघडनार न्हाई." डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त दिवस त्यांनी ते उघडलं नाही. असे निघून गेले म्हणून मला अजून त्यांचा राग येतो, इतकी त्यांची आठवण येते.

मशीन आता आमच्या कार्यालयात असतं आणि सागर चालवतो. माईकला हात लावत नाही. हा जुनापाना पिक्चर आता कोण बघणार, असं कुणी म्हणालं, की तो मामांसारखीच मान ताठ करून सांगतो, "दुपारी या. जेवून या."