किल्ल्या राहू दे माझ्याकडेच

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी माझ्या शेजारणीवर जेवढी चिडले, तेवढी आजवर कुणावरच चिडले नसेन. नाशिकला सिडकोत आमची दारं समोरासमोर. मी नर्स, आणि तेव्हा ड्यूटी कोविड वॉर्डात. एका रविवारी तिनं माझ्या दाराबाहेर स्टुलावर शिऱ्याचा डबा ठेवला आणि आपल्या जाळीच्या दारामागून म्हणाली, "ताई, डबा राहू द्या तुमच्याकडेच."

मला वेडीला ते प्रेम वाटलं. डबा घासला, रिकामा कसा द्यायचा म्हणून मूठभर बेदाणे घातले आणि बेल वाजवली. ती जाळी उघडेचना. "राहू द्या हो, खरंच राहू द्या," म्हणत दोन पावलं मागे सरकली. डब्यावर तिच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. नाव घातलेलं भांडं कुणी असं सोडून देतं का? तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. घरात येऊन मी ते बेदाणे रागारागानं एकटीनं खाल्ले.

हा किस्सा मी वॉर्डात नकलांसकट सांगायची. सगळ्यात जास्त हसायची ती माझी मैत्रीण, वॉर्डातलीच नर्स, देवळ्याकडची, माझ्याहून बरीच लहान. "ताई, अजून चार जणी घाबरल्या ना, तर तुमचा डब्यांचा सेटच हुईल!" म्हणायची. आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो. तिच्या आईची कांद्याची चटणी आली की माझी भाजी तशीच राहायची.

लाट ओसरली. एका दुपारी माझी ड्यूटी संपून तिची सुरू होण्याआधी आम्ही जेवत होतो. तिनं पर्समधून गोळी काढून घेतली. मी सहज विचारलं, "ॲसिडिटी का गं?"

"नाय ताई. मानसोपचारवाल्या डॉक्टरांची हाय. दोन महिने झाले."

मग तिनं सगळं सांगितलं. लाटेत पेशंटना घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचं काम तिच्याकडे होतं. मोबाईल धरून उभी राहायची. किती जणांचं शेवटचं बोलणं तिच्या हातात झालं, तिलाच ठाऊक. "आता घरी मोबाईल वाजला तरी हात गार पडत्यात. गोळीनं लय बरं हाय, झोप लागती. पण कुणाला बोलू नका, ताई. डोकं फिरलंय म्हनतील."

"बरं केलंस डॉक्टरकडे गेलीस ते," मी म्हणाले. मनाचा आजार म्हणजे शुगर-बीपीसारखाच, हे मी नातेवाइकांना वीस वर्षं समजावत आलेय. तिलाही समजावलं.

दहा मिनिटांनी आम्ही औषधांच्या कपाटापाशी उभ्या होतो. झोपेची आणि जबर दुखण्यावरची इंजेक्शनं त्यात कुलपात असतात. येणारी सिस्टर जाणारीसमोर ती मोजून घेते, दोघी सही करतात आणि किल्ल्या हातात दिल्या जातात. रोजचंच काम. भाजीचे भाव बोलता बोलता होऊन जातं. तिनं हात पुढे केला.

"किल्ल्या राहू दे माझ्याकडेच," मी म्हणाले. "मी थांबते संध्याकाळपर्यंत. लागलं तर मी काढून देईन."

तिचा हात तसाच राहिला. वॉर्डातल्या मावशी लादी पुसायच्या थांबून बघत होत्या. जिच्याकडे किल्ल्या नाहीत ती कसली ड्यूटीवरची सिस्टर? संध्याकाळपर्यंत साऱ्या वॉर्डानं कारण शोधून काढलं असतं. कुणाला सांगू नका म्हणाली होती, आणि मी चक्क चारचौघांत सांगून मोकळी झाले होते.

तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मीही खाली पाहिलं. मी दोन पावलं मागे सरकले होते.

"मंग माझा चटणीचा डबा बी राहू द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली.

शेजारीण बिचारी अडाणी, घाबरली, असं तरी म्हणता येतं. मी काय म्हणू? मी धावत पुढे गेले, किल्ल्या तिच्या हातात कोंबल्या, "चुकले गं" म्हणाले, एकदा नाही, तीनदा. मावशींनी मान खाली घालून लादी पुसायला घेतली.

कपाट उघडून तिनं एकेक इंजेक्शन मला दिसेल असं धरून मोठ्यानं मोजलं. मग सगळी परत मोजली. "आता तुमी मोजा," म्हणाली. "तुमची खात्री झालेली बरी."

नंतर तिची गोळी बंद झाली. बोलणं सुरू झालं, चटणीही परत येऊ लागली. आम्ही हसतोसुद्धा. पण अजून, माझ्याकडून चार्ज घेताना ती इंजेक्शनं दोनदा मोजते. बाकी सगळ्यांकडून घेताना एकदाच.