पेद्रू मेस्त्रींचे यरुशलेम

पेद्रू मेस्त्रींना शास्त्रपाठ तोंडपाठ होते, तरी पुस्तक मिटून ते कधी गायले नाहीत. चष्मा घरी राहिला असला तरी पान उघडे ठेवून त्यावरून बोट फिरवीत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "मिटून गायलो तर लोकांना वाटेल, पेद्रूच काय ते सांगतोय. शब्द कोणाचे, ते दिसायला नको?"

रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती मूठभर. बंदरावरचे खलाशी, पाववाले, थोडे कारकून. मेस्त्री शिंपी होते. कोर्टातल्या वकिलांचे काळे डगले शिवत आणि चर्चमधले गायन सांभाळत. आमच्या उपासनेत शास्त्रपाठ नुसता वाचत नाहीत, गातात. त्याला ताल नाही, वाद्य नाही. एका सुरावर लॅटिन शब्द चालत राहतात आणि वाक्य संपताना सूर खाली उतरतो, एवढेच. मेस्त्री बजावत, "हे गाणं नाय रे, वाचन आहे. लोकांच्या कानात शब्द जायला हवेत, तुझा गळा नको."

मला शाळेतून काढून बोटीवर न्यायचे वडिलांनी ठरवले, तेव्हा हेच मेस्त्री आमच्या ओटीवर येऊन बसले. "पोराची जीभ स्वच्छ आहे. त्याला दोरखंड कशाला ओढायला लावतोस?" वडील खलाशी, हट्टी माणूस, पण मेस्त्री चहा दोनदा निवला तरी उठले नाहीत. मी पुढे बी.ए. होऊन इथल्याच शाळेत मास्तर झालो, तो त्यांच्या त्या बसण्यामुळे.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी विलापगीत गातात. उद्ध्वस्त यरुशलेम नगरीचा तो शोक. प्रत्येक कडव्याआधी एक हिब्रू अक्षर लांबवून म्हणायचे: आलेफ, बेथ, घीमेल. हे वाचन मेस्त्रींचेच होते. पण दम्याने त्यांचा आवाज बसला, आणि नवे पाद्री म्हणाले, "गायला माणूस नसेल तर यापुढे नुसते वाचून टाकू."

"पाद्रीबाब," मेस्त्री म्हणाले, "घरातलं माणूस गेलं तर रडणं वाचून दाखवतात काय?"

"मग माणूस आणा."

मेस्त्रींनी मला आणले. उपवासकाळात शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात जाई. ते काजे करता करता ऐकत. मी सूर जरा घोळवला की सुई थांबे. "मेल्या, नगरी जळून गेली आहे आणि तू तिचं लग्न लावतोस!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज येई, "हे यरुशलेम आमच्या घरात अजून किती दिवस रडणार आहे?"

बुधवार आला. पहिला सूर आपला आपणच निवडायचा असतो, आणि घाबरून मी तो फार वर धरला. आलेफ निभावले. बेथच्या कडव्यात आवाज चिरकला, आणि पुढचे अक्षर फुटेचना. गीत इथे थांबले की ते कायमचे थांबणार, हे मला कळत होते.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून, बसल्या जागेवरूनच, घोगरे "घीमेल" आले. अगदी खाली. मेस्त्रींनी मला नवा सूर काढून दिला होता. तो धरून मी शेवटपर्यंत गेलो; पुढची अक्षरे तेच म्हणत राहिले.

बाहेर पाद्री खुशीत होते. "अक्षर एकाने म्हणायचे, कडवे दुसऱ्याने! ही इथली पद्धत मला ठाऊक नव्हती."

मी तोंड उघडणार, तोच मेस्त्री गंभीरपणे म्हणाले, "फार जुनी आहे, पाद्रीबाब. मोडू नये."

मग दरवर्षी तसेच होऊ लागले. त्यांना दोन वाक्ये सलग बोलवत नव्हती, पण अक्षरे ते म्हणत. गणपतीच्या दिवसांत एका पहाटे ते गेले. वकीलमंडळीही मातीला आली होती.

पुढच्या वर्षी पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मी पुस्तक उघडले आणि सवयीने थांबलो. आलेफ म्हणणार कोण, हा विचार आम्हा कोणालाच सुचला नव्हता. पाद्रींनी मान वर केली. मागे कोणी तरी खोकले. मग खलाशांच्या बाकावरून एक जाडाभरडा आवाज निघाला, त्याला दुसरा मिळाला, आणि बायकांच्या बाजूनेही हळूहळू सगळे आलेफ म्हणू लागले. कोणी पुढे, कोणी मागे. सूर मात्र अगदी खालचा होता, मेस्त्रींचा.

मी तो धरला आणि वाचू लागलो.