हेडक्लार्कसाहेबांचा मुंबईचा दवाखाना

आमचे हेडक्लार्क आणि मी एकाच महिन्यात निवृत्त होणार होतो. पुढे सरकारी औषधपाणी हवं असेल तर फॉर्मावर एकच दवाखाना निवडायचा होता. हा फॉर्म त्यांनी सगळ्या कचेरीला समजावला. दर वाक्याआधी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "नियम काय म्हणतो?"

मी आमचं अलिबागच लिहिलं. "इथे काय, नुसतं लाल पाणी!" म्हणत त्यांनी ऐटीत मुंबई लिहिली.

"पावसाळ्यात मुंबईला जाणारी रेवसची लाँच बंद असते," मी म्हणालो.

"आजार काय पावसाळा बघून येतो?"

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच श्रावणात ते तापाने फणफणत अलिबागच्या दवाखान्यात आले. मी औषध घेऊन निघतच होतो. तिथला थळ गावचा कंपाउंडर यादी चाळून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं नाव हितं न्हाय. नाव नसंल त्याला औषध देऊ नका, ही पाटी तुमीच लिवून दिलीत." भिंतीवर त्यांचंच वळणदार अक्षर होतं.

बाहेर पायरीवर मी माझी बाटली पुढे केली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एका दमात अर्धी रिकामी केली आणि ओठ पुसत मला बजावलं, "आपलं औषध दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही हं."