खेळाच्या बाईंना पळायचं होतं

"पाय उचल गं, जमीन काय धरून ठेवत न्हाय," असं म्हणत मुलींच्या बरोबरीनं पळणाऱ्या आमच्या खेळाच्या बाई तुम्ही बघायला हव्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चपला कडेला काढलेल्या. बेळगुंदीच्या शेतकऱ्याघरची लेक. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा त्या चाळिशीला आल्या होत्या; तरी दहावीच्या मुली त्यांच्या मागं पडायच्या.

पुढं त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. मिरजेला डावा स्तन काढला. परत कामावर आल्या त्या ब्लाउजमध्ये मऊ कापडाची घडी ठेवून. एकदा खो-खो शिकवताना ती घडी सरकून पोटाशी आली. मुली हसल्या नाहीत, खाली बघत राहिल्या. त्यानंतर बाई मैदानावर खुर्ची मागवू लागल्या.

मग मुंबईच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की कातडीखाली सिलिकॉनची पिशवी बसवून छातीला पहिल्यासारखा आकार देता येतो. एक पिशवी त्यांच्या हातातही दिली.

"आधी गार लागली गं," बाई मला म्हणाल्या, "मग हातातच ऊब धरली तिनं."

त्यांचे यजमान पिरनवाडीचे, कचेरीत कारकून. माणूस वाईट नव्हता. माझ्यासमोरच म्हणाले, "आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायचं न्हाय. मला पळायचं हाय."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. "बरं. पोरीचं लग्न उरकलं की जाऊ."

निपाणीचं स्थळ होतं. मे महिन्याच्या उकाड्यात बाई अंगभर शाल घेऊन मांडवात वावरल्या. लग्नामागून सणवार आले, मग लेकीचं बाळंतपण. मुंबई मागंच पडत गेली. आणि एक दिवस खोकला सुरू झाला. आजार फुप्फुसात गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता ते ऑपरेशन नको.

मी भेटायला गेले, तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. "मी थोडे दिस नसते तर घर थांबलं असतं व्हय?" त्या म्हणाल्या. "मीच हट्ट धरला न्हाय गं."

दिवाळीआधीच त्या गेल्या.

बऱ्याच दिवसांनी त्यांचे यजमान बेळगावच्या बसस्टँडवर भेटले. नातवाचं सांगितलं, पेन्शनीचं सांगितलं. मग एकदम म्हणाले, "बाई, पळताना कशी दिसायची हो ती? मी कधी बघितलंच न्हाय."

मी सांगू लागले. पिरनवाडीची बस आली, भरली आणि गेली. ते जागचे हलले नाहीत.